पडायचं नाही आणि भिजायचं नाही

...नाही, मला एक सांगा, बाईमाणसानं सायकलवरून कामावर जायचं म्हटलं तर आख्ख्या खानदानाची परवानगी लागते का? नाही ना लागत? मग सायकलचा टायर किती रुंद घ्यायचा यावर आमच्या घरात जेवढं बोलणं झालं, तेवढं आमच्या लग्नाच्या वेळीसुद्धा कसं काय झालं नव्हतं? लग्नाच्या वेळी सासरे फक्त म्हणाले, "मुलगी बरी आहे, होऊन जाऊ दे," आणि झालं. टायरच्या वेळी मात्र जेवण गार, चहा गार, भाऊ भावाशी बोलेना, आणि मी मध्ये बसून या तोंडाकडून त्या तोंडाकडे बघतेय, टेनिसची मॅच बघावी तशी. आणि तुम्हाला सांगते, माझं मागणं केवढंसं होतं? पडायचं नाही आणि भिजायचं नाही. बास. यापलीकडे मला त्या सायकलकडून काही म्हणजे काही नको होतं.

आता तुम्ही म्हणाल, बाई, केस पांढरे व्हायच्या वयात हे सायकलचं खूळ कुठून आलं? खूळ नाही हो, पूल बंद झाला. मी राहते नदीच्या या बाजूला आणि माझा दवाखाना त्या बाजूला. माझा म्हणजे माझ्या मालकीचा नाही, मी तिथे कान तपासते. डॉक्टर नाही मी, ऑपरेशन वगैरे मोठे डॉक्टर करतात. मी ती काचेच्या खोलीत बसवून, हेडफोन लावून, "आवाज आला की बटण दाबा" म्हणणारी बाई. मग ज्याला कमी ऐकू येतं त्याच्या कानाचा साचा घ्यायचा, त्यात ऐकू यायचं मशीन बसवायचं, टोचतंय म्हणाला की घासून द्यायचं, पुन्हा टोचतंय म्हणाला की पुन्हा घासून द्यायचं... हे सगळं माझं खातं. आणि ते मी चांगलं करते. हे मी नम्रपणे वगैरे सांगत नाहीये, खरंच चांगलं करते.

तर हिवाळा तोंडावर आला, आमच्या इकडे पाऊस हिवाळ्यातच, आभाळ भरून यायला लागलं, आणि नेमका पूल दुरुस्तीला काढला. मोटारी बंद, बस बंद, फक्त कडेची एक चिंचोळी पट्टी उघडी, चालणाऱ्यांसाठी आणि सायकलवाल्यांसाठी. बस जाणार वरच्या पुलावरून, सगळ्या गावाला प्रदक्षिणा घालून. आणि हा पूल बंद कोणी केला, माहितीये? आमच्या ह्यांनी. विनोद नाही करत. हे पुलांचे इंजिनियर, आणि या दुरुस्तीचे मुख्य तेच. म्हणजे ज्या माणसानं माझा रस्ता सकाळी बंद केला तोच माणूस संध्याकाळी माझ्या समोर बसून जेवतो आणि वर म्हणतो, "आज मीठ जरा कमी आहे का गं?"

दवाखान्यात तर मला तोंड दाखवायला जागा नाही. मोठ्या डॉक्टरांपासून फरशी पुसणाऱ्या मावशींपर्यंत सगळे मला विचारणार, "तुमचे मिस्टर कधी उघडणार हो?" जणू मी पुलाची किल्ली पर्समध्ये घेऊन फिरते. त्यात त्या बसमुळे मला रोज उशीर. मी पोचेपर्यंत सकाळचे पेशंट कंटाळून निघून गेलेले. तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी एक दिवस मला केबिनमध्ये बोलावलं, चष्मा काढला, पुसला. ते चष्मा पुसायला लागले की समजायचं, बातमी वाईट आहे. "बाई, तुमची सकाळची वेळ हिवाळाभर जमणार नसेल तर मोकळेपणानं सांगा. चौकात ते मशीनचं दुकान झालंय ना, ते लोक म्हणतायत, तपासणी आम्ही करून देतो. फुकट."

फुकट. ऐकलंत ना? अहो, ते मशीन विकणारे लोक. त्यांच्याकडे कानात मळ साठलेला माणूस गेला तरी त्याला दोन मशीन लावून पाठवतील. माझे पेशंट मी त्यांच्या हवाली करू? मी म्हटलं, "डॉक्टर, उद्यापासून मी वेळेवर येते." "कशा?" म्हणाले. मी म्हटलं, "सायकलवरून." त्यांनी पुसलेला चष्मा पुन्हा पुसायला घेतला.

घरी सांगितलं तर हे म्हणाले, "त्यापेक्षा हिवाळाभर रजा टाक. घरी बस. आराम कर." हा आराम शब्द कोणी शोधून काढला मला माहीत नाही, पण त्यानं तो बायकोला घरी बसवायलाच काढला असणार.

सायकल दिली आमच्या भावजींनी. भावजी म्हणजे ह्यांचे धाकटे भाऊ. ते सायकलच्या शर्यती करतात. पायाचे केससुद्धा काढतात, वारा अडतो म्हणून. त्यांनी आपली एक जुनी शर्यतीची सायकल आणली, फडक्यानं पुसली, मुलगी सासरी पाठवावी तशा आवाजात म्हणाले, "वहिनी, हिला जपा." मी बघितलं तर तिचा टायर माझ्या अंगठ्याएवढा रुंद. "तेवीस मिलिमीटर," भावजी अभिमानानं म्हणाले. मी म्हटलं, "भावजी, यावर मी बसायचं? बघताय ना मला?" तर म्हणतात, "वहिनी, टायर जेवढा बारीक तेवढी सायकल पळते." मला पळायचं नव्हतं हो. मला पडायचं नव्हतं आणि भिजायचं नव्हतं.

पहिल्याच दिवशी रिमझिम. पाऊस असा नाहीच, नुसता ओला रस्ता. मी पूल ओलांडला, वेळेच्या आधी पोचले, छाती पुढे काढून दवाखान्यात शिरले, "नमस्कार, नमस्कार" करत सगळ्या बाकांसमोरून माझ्या खोलीपर्यंत गेले. आणि मागे सगळं चिडीचूप. मला वाटलं, कौतुक आहे. आता एक लक्षात घ्या, ज्यांना कमी ऐकू येतं ती माणसं कुजबुजतात ना, ते कुजबुजणं बाहेर रिक्षा स्टँडपर्यंत जातं. एक आजी आपल्या आजोबांच्या कानात सांगतायत:

"अहो, बाईंच्या पाठीवर बघा."

"काय? काठी?"

"काठी नाही, पाठ. पाठीवर."

"गाठ आहे?"

"चिखल, चिखल. शेपटीसारखा लागलाय. खालपासून पार मानेपर्यंत."

"मग बाईंना सांग ना."

"नको, त्यांना वाईट वाटेल."

मला वाईट वाटू नये म्हणून हे सगळ्या इमारतीला ऐकवलं त्यांनी. मागच्या चाकानं रस्त्यावरचं सगळं पाणी उचलून माझ्या पाठीवर सरळ पट्टा ओढला होता, रंगाऱ्यानं फूटपट्टी लावून ओढावा तसा. दिवसभर मी भिंतीला पाठ लावून काम केलं. पेशंट इकडे वळला की मी तिकडे. मोठे डॉक्टर म्हणाले, "बाई, पाठ दुखतेय का?"

संध्याकाळी मी जाहीर केलं, सायकलला मडगार्ड पाहिजे. भावजी आले होते. त्यांनी हातातला कप खाली ठेवला. "मडगार्ड? शर्यतीच्या सायकलला? वहिनी, हे म्हणजे रेसच्या घोड्याला छत्री धरल्यासारखं आहे." हे म्हणाले, "मडगार्ड राहू दे, आधी टायर बदला. बत्तीस घाला. रुंद टायर, हवा कमी, रस्त्याला पकड जास्त. साधं गणित आहे." भावजी म्हणाले, "दादा, पुलांचं गणित सायकलला लावू नकोस. फार तर पंचवीस." "बत्तीस." "पंचवीस." "ओल्या काँक्रीटवर पंचवीस? तिचं काय व्हायचं ते?" "दादा, मी आयुष्यभर पंचवीसवर..." "तू पडलास की उठतोस. ती कामावर जातेय." मग कागद आला, पेन आलं, टायरचे गोल निघाले, गोलांना बाण निघाले, चमच्यांचा पूल झाला आणि त्यावरून मिठाची बाटली टायर म्हणून धावायला लागली. आणि एवढ्या सगळ्यात दोघांपैकी एक जण, एक जण तरी उठून बाहेर ठेवलेल्या सायकलला पट्टी लावून बघेल? नाव नको.

मीच उठले. दुसऱ्या दिवशी सायकल घेऊन कोपऱ्यावरच्या सायकलवालीकडे गेले. ती बाई फटकळ. कायम कानामागे पेन्सिल, आणि तुमच्याशी बोलताना बघणार सायकलकडे. मी म्हटलं, "बत्तीसचा टायर आणि मडगार्ड बसवा." ती हसली. वाकली, टायर आणि वरचा ब्रेक यांच्यामध्ये करंगळी घालायला गेली, ती जाईना. "बघितलंत? जागा एवढीच आहे. बत्तीस विसरा, चाक फिरणारच नाही. अठ्ठावीस बसेल, पण मग ब्रेकखालून मडगार्ड जाणार नाही. मडगार्डच पाहिजे तर पंचवीस घाला, तेही जेमतेम. बोला. पडायचं नाही का भिजायचं नाही?"

मी म्हटलं, "दोन्ही."

"दोन्ही नाही मिळत."

म्हणजे बघा, ज्या गोष्टीवर दोन भाऊ कडाकडा भांडले, त्यातली बत्तीस ही गोष्ट मुळात त्या सायकलवर बसतच नव्हती. आणि मला हे दोघेही सांगत होते, "तुला त्यातलं कळत नाही."

आता करायचं काय? शेपटी आठवली, आजींची कुजबुज आठवली, आणि म्हटलं, चला, पंचवीस आणि मडगार्ड. बसवलं. भिजणं थांबलं, खरं सांगते, पाठ कोरडी. पण ते मडगार्ड टायरला घासायला लागलं. सर्र... सर्र... टक. सर्र... सर्र... टक. दुसऱ्या कोणाला हे ऐकू आलं नसतं. पण मी काय काम करते? माझे कान विकून मी पोट भरते हो. वाऱ्यात, गर्दीत, कुठेही, मला तोच आवाज. दवाखान्यात काचेच्या खोलीत शांतता झाली की डोक्यात सर्र सर्र टक. एका पेशंटनं बटण दाबलं तर मी म्हटलं, "तुम्हालाही आला ना?" तो म्हणाला, "तुम्हीच तर वाजवलात."

आणि मग मी पडले.

त्या पुलावर ना, दोन तुकडे जिथे जोडलेत तिथे लोखंडी पट्ट्या आहेत आणि मध्ये फट. पूल उन्हात वाढतो, थंडीत आकसतो, म्हणून ती ठेवावी लागते, हे मला हे लग्नापासून सांगत आलेत. एरवी गाडीला कळतही नाही. पण कामासाठी कठडे लावलेले, त्यांना वळसा घालताना त्या फटीवरून तिरकं जावं लागायचं. त्या सकाळी धुकं, लोखंड ओलं, आणि माझं पुढचं चाक, ते पंचवीसचं बारीक चाक, बरोब्बर फटीत. सायकल थांबली. मी नाही थांबले.

मनगट सुजलं, हनुवटी खरवडली, मडगार्ड वाकडं. कामावरची माणसं धावली. एकानं ओळखलं, "अरे, साहेबांच्या मॅडम." आणि मग मी बघितलं, पलीकडून हे पळत येतायत. आता आमच्या ह्यांना मी कधी पळताना बघितलेलं नाही. बस सुटत असली तरी हे चालत जातात आणि पुढची पकडतात. ते हेल्मेट डोक्यावर आडवं झालेलं, आणि तोंड... तोंडावर रक्तच नव्हतं. माझ्या हनुवटीवर होतं तेवढंही नाही. मला काही बोलले नाहीत. माणसांना ओरडले. मग कठड्याला ओरडले. मग नदीकडे बघून काहीतरी ओरडले. मला वाटलं, आता मला पण. पण माझं मनगट हातात धरून तसेच उभे राहिले.

मी तशीच दवाखान्यात गेले. मनगटाला पट्टी बांधून सगळे पेशंट केले. एकही परत पाठवला नाही.

आणि दुसऱ्या दिवशी पुलावर पाटी. लाल अक्षरात. "सायकलवरून उतरून चालत जावे." या टोकाला एक, त्या टोकाला एक. आणि पाटीपाशी एक माणूस उभा, कोणी उतरलं नाही की शिटी मारायला. म्हणजे बायको पडली म्हणून या माणसानं सगळ्या गावाला सायकलवरून उतरवलं. एवढा लांब पूल, हिवाळ्याचा वारा, आणि सगळे आपापल्या सायकली हातात धरून मिरवणुकीसारखे चाललेत, आणि प्रत्येकाच्या तोंडात एकच: "कोणीतरी बाई पडली म्हणे." माझ्या शेजारून चालणारा एक जण मला म्हणाला, "सायकल चालवता येत नाही तर येतात कशाला हो असले लोक?" मी म्हटलं, "काय सांगावं, असतात एकेक." हनुवटीवरची पट्टी मफलरमध्ये घातली.

चालत गेल्यावर पुन्हा उशीर. मोठे डॉक्टर पुन्हा चष्मा पुसायला लागले. आणि ते चौकातल्या दुकानाचं पत्रक माझ्या टेबलावर कोणीतरी ठेवून गेलेलं.

त्या संध्याकाळी मी ह्यांना म्हटलं, "अहो, ती पाटी काढा."

"नाही काढणार."

"फट बुजवा, पाटी कसली लावता?"

"फट बुजवली तर पूल तडकेल."

"मग वरून झाका काहीतरी."

"आणि मग? तू पुन्हा त्या काडीएवढ्या टायरवर बसून जाणार?" हे म्हणाले. आणि मग म्हणाले, "हे बघ, पूल पडणार नाही हे मला छातीठोक सांगता येतं. रात्री मला त्याची काळजी नसते. तुझं मला कसलं गणित मांडता येतं?"

इतक्या वर्षांच्या संसारात हा माणूस माझ्याशी काही गोड बोलला असेल तर ते हेच, आणि तेही भांडणात, आणि त्यातही पूल. मग म्हटलं, "तुम्ही फटीचं बघा. टायरचं मी बघते. पडायचं नाही आणि भिजायचं नाही, दोन्ही करून दाखवते." हे म्हणाले, "दोन्ही नाही बसत, तूच सांगितलंस." मी म्हटलं, "बसेल." कसं बसेल ते मला तेव्हा अजिबात माहीत नव्हतं, पण आवाज असा लावला की स्वतःलाच खात्री पटली.

आणि सुचलं कुठे? माझ्याच खुर्चीत. तेच आजोबा आले होते, काठी-गाठवाले. "बाई, हे मशीन इथे टोचतं." मी साचा काढला, कानात बघितलं, एका जागी लाल झालेलं. आता नवखा माणूस काय करतो? सगळा साचा बारीक करतो. मग तो सैल होतो, मशीनमधून शिट्टी वाजते, आजोबा चिडतात. मी काय करते? जिथे टोचतं तेवढंच कापते. बाकी साचा आहे तसा. मी कापला, घासला, कानात बसवला, आजोबा म्हणाले, "आता नाही टोचत." आणि मी तिथेच, हातात घासायचं यंत्र धरून, मोठ्यांदा म्हटलं, "मग मडगार्ड सबंध कशाला पाहिजे?" आजोबा म्हणाले, "काय? गड?"

बघा ना तुम्हीच. मडगार्डला जागा कुठे नाही? फक्त ब्रेकखाली. बोटभर जागेत. बाकी सगळ्या चाकावर मोकळं आकाश आहे. मग ब्रेकपाशी कापून टाका ना. एक तुकडा ब्रेकच्या अलीकडे, एक पलीकडे, दोन्ही कांबीनं बांधून टाका, आणि टायर घाला अठ्ठावीस. जिथे टोचतं तेवढंच कापायचं. एवढी साधी गोष्ट. दोन्ही भावांच्या कागदावर, एवढ्या बाणांमध्ये, हा एक बाण नव्हता.

सायकलवाली म्हणाली, "असं कोणी करत नाही." मी म्हटलं, "मी करते, तुम्ही फक्त सुटं करून द्या." मडगार्ड काखेत घालून दवाखान्यात आणलं. जेवणाच्या सुट्टीत कापलं, आणि कडा धारदार राहिल्या तर साचे घासायच्या यंत्रावर घासायला बसले. मागे मोठे डॉक्टर येऊन उभे. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "बाई, हे कोणाच्या कानात घालायचंय?"

संध्याकाळी सायकलवालीनं बसवलं. तोंड वाकडं करून बसवलं, पण बसवलं. पुढचं, मागचं, दोन्ही. अठ्ठावीसचा टायर. हवा जरा कमी. मी चाक हातानं फिरवलं आणि कान लावला. काही नाही. सर्र नाही, टक नाही. तुम्हाला सांगते, माझ्या कामात शांतता मी रोज ऐकते, पण एवढी सुंदर शांतता मी आयुष्यात ऐकली नाही.

दुसऱ्या सकाळी पाऊस, चांगला पाऊस. मी निघाले. पुलाशी आले तर पाटी होती, पण शिटीवाला नव्हता. पुढे गेले, आणि त्या फटीवर रुंद पत्रा टाकलेला, वरून खरखरीत रबर. आणि तिथेच आमचे हे, छत्री धरून, कठड्याच्या नटबोल्टकडे बघतायत. असे बघतायत की जणू आख्ख्या पुलात तो एकच नट आहे आणि मी कोण आहे ते त्यांना माहीतही नाही. मी उतरले नाही. सरळ गेले. पत्र्यावरून, ओल्या रबरावरून, तिरकी, आणि थोडी मुद्दामच हळू गेले, त्यांना नीट दिसावं म्हणून. चाक हललं नाही. पलीकडे गेल्यावर मागे वळून बघितलं, तर नटाकडे बघणं संपलं होतं. माझ्या पाठीकडे बघत होते. छत्री खाली गेलेली, स्वतः भिजत होते.

"काही लागलंय का पाठीला?" मी ओरडून विचारलं.

"नाही. कोरडी आहे," हे म्हणाले.

संध्याकाळी येताना पाटी नव्हती. आणि सकाळची माझी वेळ माझ्याकडेच राहिली. मोठ्या डॉक्टरांनी ते पत्रक स्वतःच फाडलं आणि मला म्हणाले, "बाई, माझ्या मुलीलाही सायकल घ्यायचीये, टायर कुठला सांगू?" मी म्हटलं, "आधी जागा मोजा." आता मला सगळे विचारतात. त्या सायकलवालीच्या दुकानात म्हणे कापलेली मडगार्डं टांगलीयेत, आणि कोणी विचारलं तर सांगते, "ही माझी पद्धत." सांगू दे. भावजी आले, सायकलला एक चक्कर मारली, म्हणाले, "वहिनी, दिसायला फार वाईट दिसतं हो." मी म्हटलं, "भावजी, दिसायला तुमची पाठ बघा एकदा पावसात."

तर एवढं सगळं छान झालं. पडणं नाही, भिजणं नाही. आता तुम्ही म्हणाल, मग रडताय कशाला? सांगते ना.

हे म्हणाले, "सोमवारपासून मी पण सायकलनं येतो पुलापर्यंत." मी म्हटलं, "का हो?" "पाहणी करायला बरं पडतं." पाहणी. बरं. मला कळत नाही का कसली पाहणी? पण म्हटलं, माणूस एवढं येतोय तर येऊ दे. भावजींकडून दुसरी सायकल आणली. टायर कुठला घातला असेल? ज्या माणसानं बत्तीससाठी चमच्यांचा पूल बांधला, त्यानं घातला पंचवीस. आणि मडगार्ड? नाही. मी म्हटलं, "अहो, मडगार्ड?" तर म्हणाले, "मला काय करायचंय, साइटवर कपडे मळतातच."

पहिल्या दिवशी माझ्या मागून आले. माझ्यावर लक्ष ठेवायला. तर माझं मडगार्ड मागे जरा आखूड, पाणी मला लागत नाही, पण मागच्याला लागतं. पुलावर पोचेपर्यंत ह्यांचा चष्मा चिखलानं भरलेला, मिशा चिखलानं भरलेल्या. चिडले नाहीत. म्हणाले, "उद्यापासून मी पुढे राहतो. खड्डा, काच, ओली पानं, काय असेल ते मला आधी दिसेल, मी हात करीन, तू बाजूनं काढ."

आता सांगा, नवरा रोज सकाळी तुमच्या पुढे राहून तुमच्यासाठी खड्डे शोधतो, त्याला तुम्ही काय बोलणार? त्यात त्यांना हळू जाता येत नाही, मला फार मागे राहिलेलं त्यांना चालत नाही, राहिले की थांबतात, वळून बघतात, "आलीस का?" मग मी आपली त्यांच्या चाकाला चाक लावून. आणि त्यांच्या मागच्या चाकावरून ते सगळं पाणी, तो सगळा चिखल, नळासारखा, सरळ...

पाठ विचाराल तर एकदम कोरडी. स्वच्छ. इस्त्री मोडलेली नाही. पण दवाखान्यात शिरले की आधी नळाशी जाऊन तोंड धुते, चष्मा धुते, मग पेशंट. परवा त्या आजी माझ्याकडे बघून चुकचुकल्या, म्हणाल्या, "बाई, आता तर तुम्ही मडगार्ड बसवलंत ना, मग हे तोंडावर काय?"

मी म्हटलं, "काही नाही हो आजी, हल्ली माझ्या पुढे नवरा असतो."